सौर गाडीच्या बॅटरीसाठी संरक्षण बोर्ड: कागदापासून मे महिन्याच्या उन्हापर्यंत

दोन उन्हाळ्यांपूर्वी औसा रोडवर भाजीची एक तीनचाकी भर दुपारी बंद पडली. छतावर सोलर पॅनेल, सीटखाली बॅटरी. मालक मामा गाडी ढकलत आमच्या लातूरच्या वर्कशॉपवर आले. "सायेब, गाडी चांगली पळत होती, उतारावर जळका वास आला आन् गपकन थांबली बघा." झाकण उघडलं. बॅटरी जास्त भरली, संपली किंवा तापली की करंट तोडणारा जो तयार संरक्षण बोर्ड बाजारातून आणला होता, त्याच्यावरचे चार मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, काळे पडले होते, उरलेले चार मात्र नव्यासारखे. बॅटरीला काहीच झालं नव्हतं. शॉर्ट नाही, ओव्हरलोड नाही.

गंमत अशी की बोर्डानं त्याचं काम चोख केलं होतं आणि ते करतानाच तो जळला. कारण पुढे मॉस्फेटच्या भागात सांगतो. त्या दिवसापासून मी सौर गाड्यांसाठी बोर्ड स्वतः बनवायला लागलो. घरी प्लगला लावून चार्ज करायच्या गाडीचा बोर्ड सौर गाडीत जसाच्या तसा चालत नाही, कारण इथे चार्जिंग आणि गाडी पळणं एकाच वेळी चालू असतं, तेही मराठवाड्याच्या ४३-४४ अंशांत.

हा लेख पॉलिटेक्निक, इंजिनिअरिंगची मुलं आणि माझ्यासारखे छोटे कारागीर यांच्यासाठी आहे. मल्टिमीटर आणि सोल्डरिंग येतं असं धरून चालतो.

आधी आकडे

कॉम्प्युटर उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या. उदाहरणाला मामांचीच गाडी धरू.

सेल लिथियम आयर्न फॉस्फेटचे, म्हणजे एलएफपी, १०० अँपिअर-तासांचे, सोळा सिरीजमध्ये. एका सेलचा नाममात्र व्होल्टेज ३.२, भरल्यावर ३.६५, रिकामा २.५. सोळानं गुणलं की ५१.२, ५८.४ आणि ४० व्होल्ट. बोर्डावरचा प्रत्येक घटक ५८.४ सोसणारा हवा, आणि झटके धरले तर त्याहून बराच वर.

मोटर दीड किलोवॅटची. १५०० भागिले ५१.२ म्हणजे साधारण ३० अँपिअर. चढावर, भरल्या पोत्यांसकट, काही सेकंद ८० पर्यंत जातं. म्हणून बोर्ड सतत ४० अँपिअर आणि थोडा वेळ १०० अँपिअर असा धरला.

छतावर ४०० वॅटचं पॅनेल. उन्हात पॅनेल स्वतः ६५ अंशांवर जातं आणि २५ च्या वर दर अंशाला त्याची ताकद साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घटते. सगळं वजा जाता दिवसाला दीड युनिटच्या आसपास मिळतं. बॅटरी ५.१२ युनिटची. म्हणजे नुसत्या उन्हावर ती एका दिवसात भरत नाही, आणि रोज वापरात असेल तर बऱ्याचदा काठापर्यंत पोचतच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, बॅलन्सिंगच्या, म्हणजे सगळे सेल सारखे भरून घेण्याच्या, वेळी त्याचा त्रास होतो. चार्जिंगचा करंट जेमतेम ७ अँपिअर.

चिप कोणती

सोळा सेलवर नजर ठेवायला मी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू७६९५२ वापरतो. तीन ते सोळा सेल मोजते, करंट मोजते, थर्मिस्टर (तापमान मोजणारा घटक) वाचते आणि मॉस्फेटचे गेट, म्हणजे त्यांना चालू-बंद करणारी पिन, स्वतः चालवते, तेही धन बाजूला. धन बाजूला तोडायचा फायदा असा की संरक्षण लागलं तरी ऋण तार जोडलेलीच राहते. डिस्प्ले, एमपीपीटी (पॅनेलमधून बॅटरी भरणारा चार्जर), मोटरचा कंट्रोलर यांची आपसातली बोलणी तुटत नाहीत. स्वस्तातले तयार बोर्ड ऋण बाजू तोडतात. बोर्डानं तोडलं की गाडीभरची ग्राउंड हवेत लटकते आणि कुठल्या तरी सिग्नलच्या तारेतून करंट वाट काढतो. डिस्प्ले जळण्याच्या अर्ध्या तक्रारी इथल्या असतात, असं माझं मत.

सोबत एक छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवा. पण एक नियम पाळा: ओव्हरव्होल्टेज, अंडरव्होल्टेज आणि शॉर्टसर्किट यांचे शेवटचे निर्णय चिपच्या हार्डवेअरकडेच राहू द्या. प्रोग्रॅम अडकला, हँग झाला तरी बॅटरी वाचली पाहिजे. मायक्रोकंट्रोलरनं सुरू होताना सेटिंग लिहायची, नंतर बोलायचं, आधी इशारे द्यायचे आणि नोंद ठेवायची.

मॉस्फेट, आणि मामांचा बोर्ड का जळला

दोन गट लागतात, पाठीला पाठ लावून. एक चार्जिंग अडवणारा, दुसरा डिस्चार्ज अडवणारा. मॉस्फेटच्या पोटात एक डायोड असतोच, मॉस्फेट बंद असतानाही एका दिशेनं करंट जाऊ देणारा, तो काढता येत नाही, म्हणून दोन दिशांना दोन गट. आता दृश्य डोळ्यासमोर आणा. मे महिना, दुपारचा एक. सेल ४७ अंशांवर. बऱ्याच एलएफपी सेलच्या डेटाशीटमध्ये चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास दिलेली असते आणि डिस्चार्जची ६०. बोर्डानं बरोबर ओळखलं, गरम आहे, चार्जिंग बंद. चार्जचा गट बंद झाला. पण मामा तर गाडी चालवत होते! डिस्चार्जचा करंट त्याच वाटेनं, बंद चार्ज मॉस्फेटच्या पोटातल्या डायोडमधून जायला लागला.

गणित करा. मॉस्फेट चालू असताना, १०० व्होल्टचा चांगला मॉस्फेट घेतला तर रोध थंड असताना १.५ मिलिओहम, तापल्यावर २.५ धरा. चार समांतर, ४० अँपिअर वाटून प्रत्येकाला १०. दहाचा वर्ग गुणिले ०.००२५ म्हणजे पाव वॅट. चौघांचं मिळून एक वॅट. तोच करंट डायोडमधून गेला तर ४० गुणिले ०.८ म्हणजे ३२ वॅट. वरून चार डायोड करंट सारखा वाटून घेत नाहीत. जो जास्त तापतो त्याचा व्होल्टेज उतरतो, मग तो आणखी ओढतो. पत्र्याच्या बंद डब्यात, ज्यात आधीच साठ अंश आहेत, ३२ वॅट म्हणजे दहा मिनिटांचा खेळ.

उपाय सोपा आहे आणि बीक्यू७६९५२ मध्ये आधीच आहे: चार्ज गट बंद असताना निव्वळ करंट डिस्चार्जच्या दिशेनं ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की चिप चार्ज गट पुन्हा चालू करते. बॅटरीत त्या क्षणी काही भरलं जात नाही, कारण मोटर पॅनेलपेक्षा जास्त खाते आहे. ही सोय दोन्ही गट सिरीजमध्ये असल्याचं सेटिंग बरोबर असेल तरच चालते. ते तपासा, करंटची मर्यादा बघून ठेवा, आणि पुढे चाचणीत मुद्दाम ही स्थिती उभी करा. कुठल्याही दुसऱ्या चिपवर बोर्ड करत असाल तर डेटाशीटमध्ये सगळ्यात आधी हीच गोष्ट शोधा.

मॉस्फेट १०० व्होल्टचेच घ्या. ८० व्होल्टचे चालतात असं कोणी सांगेल, पण शॉर्टसर्किटच्या वेळचा झटका आठवा. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत दोन मीटर तार म्हणजे ढोबळमानानं २ मायक्रोहेन्री. ४०० अँपिअरचा शॉर्ट एका मायक्रोसेकंदात तोडायला गेलात तर ८०० व्होल्टचा झटका उठेल. वीस मायक्रोसेकंद लावले तर ४० व्होल्ट. म्हणून गेटला रेझिस्टर घालून तोडणं जरा सावकाश करायचं, तारा आखूड ठेवायच्या, दोन्ही तारा एकमेकींना चिकटवून न्यायच्या, आणि बाकीच्यासाठी टीव्हीएस डायोड, म्हणजे झटका दाबणारा डायोड. एसएमसीजे५८ए घेऊ नका, तो ५८ पर्यंतच गप्प राहायची हमी देतो आणि आपली बॅटरी ५८.४ ला भरते. एसएमसीजे६०ए बरोबर बसतो, झटका ९६.८ व्होल्टवर दाबतो, शंभरच्या आत. प्रत्येक मॉस्फेटला स्वतःचा गेट रेझिस्टर द्या, चौघांत एक नको.

तोडण्याआधी सांगा

माझ्या बोर्डाचा सगळा स्वभाव यात आहे. तयार बोर्ड एकच गोष्ट जाणतो: खटकन तोडणं. प्लगला लावलेल्या गाडीत ते चालतं. सौर गाडीत दोन ठिकाणी महागात पडतं.

पहिलं ठिकाण एमपीपीटी. छतावरच्या पॅनेलचा व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी असतो, म्हणून गाडीत बहुधा बूस्ट प्रकारचा एमपीपीटी असतो, व्होल्टेज चढवणारा. गाडी उभी आहे, ऊन कडक आहे, बॅटरी भरली आणि बोर्डानं चार्ज गट तोडला. आता ७ अँपिअर ढकलणाऱ्या एमपीपीटीला पलीकडे घेणारं कोणी नाही. चांगला असेल तर स्वतःला आवरतो. स्वस्तातला असेल तर त्याचा व्होल्टेज उसळतो आणि कंट्रोलरचे कपॅसिटर, कधी तुमचे मॉस्फेट घेऊन जातो. म्हणून मायक्रोकंट्रोलरमधून एक तार एमपीपीटीच्या बंद-चालू पिनला न्या. पिन नसेल तर पॅनेलच्या तारेत डीसीसाठी बनलेला रिले घाला. सेल ३.५५ ला पोचला की आधी एमपीपीटी थांबवायचा. ३.६५ चा तोडण्याचा क्षण यायलाच नको.

दुसरं ठिकाण चालती गाडी. मालवाहू गाडी रेल्वे फाटकावर असताना बॅटरी संपली म्हणून मोटर बंद करणं हे बॅटरीचं संरक्षण असेल, माणसाचं नाही. म्हणून सगळ्यात कमजोर सेल ३.० व्होल्टला आला की बझर आणि लाल दिवा. २.९ ला कंट्रोलरची कमी वेगाची तार चालू करायची. बहुतेक ई-रिक्षा कंट्रोलरला ती असते, नुसती उघडी सोडलेली असते. २.८ च्या खाली पाच सेकंद राहिला तर मग तोडायचं. पाच सेकंद कशासाठी? चढावर जोर लावला की सेल क्षणभर खाली बसतो आणि परत उठतो. हार्डवेअरची शेवटची रेघ २.५ वर.

दिवे आणि हॉर्नच्या १२ व्होल्टच्या कन्व्हर्टरची तार मी मुख्य डिस्चार्ज गटाच्या आधी घेतो, १० अँपिअरचा फ्यूज आणि स्वतःचा छोटा मॉस्फेट लावून, आणि तो २.५ ला बंद करतो. यावर माझ्या ओळखीतल्या दोघांचं दुमत आहे, त्यांना एकच मुख्य दरवाजा हवा. मला रात्री रस्त्यात मधोमध उभ्या गाडीचा मागचा दिवा पेटलेला हवा.

शंट आणि तांबं

करंट मोजायला १ मिलिओहमचे दोन शंट (अगदी कमी रोधाचे रेझिस्टर) समांतर लावा, एकूण अर्धा. ४० अँपिअरला दोघांत मिळून ०.८ वॅट, १०० ला ५ वॅट. तीन वॅटचे शंट घ्या म्हणजे क्षणिक भार सोसतील. मोजणीच्या दोन बारीक ट्रॅक शंटच्या पॅडच्या आतल्या बाजूनं निघाल्या पाहिजेत, जाड तांब्याच्या मधून कुठूनही नाही. शॉर्टसर्किटची मर्यादा १०० मिलिव्होल्ट ठेवली की ती २०० अँपिअरला लागते.

तांबं दोन औंसाचं, म्हणजे ७० मायक्रॉन. चौरस मोजायची युक्ती शिकून घ्या: दोन औंसाच्या प्रत्येक चौरसाला पाव मिलिओहम, चौरस लहान असो वा मोठा. २० मिलिमीटर रुंद, ६० लांब पट्टी म्हणजे तीन चौरस, पाऊण मिलिओहम. ४० अँपिअरला सव्वा वॅटच्या जवळपास. दोन्ही थरांवर घेतली तर निम्मं. मी वरून तांब्याची पट्टी सोल्डर करतो. दिसायला गावठी, पण तापत नाही.

सेलच्या तारा

सोळा सेल म्हणजे सतरा तारा. या तारांनी माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक करवली. एका पुरवठादाराकडून कनेक्टर लावून तयार जुडगा आणला होता, रंग बघितले, बरोबर वाटले, घातला. सहावी आणि सातवी तार अदलाबदल होती. चिपला एका जागी ६.६ व्होल्ट दिसले, पुढच्या जागी उणे ३.३. दोन रेझिस्टरमधून धुराची बारीक रेघ निघाली, अगदी उदबत्तीसारखी, आणि चिप गेली. तेव्हापासून कनेक्टर बोर्डात घालण्याआधी मल्टिमीटरचं काळं टोक पहिल्या पिनवर ठेवून लाल टोक एकेक पुढे सरकवतो. ३.३, ६.६, ९.९, १३.२, असा पाढा आला पाहिजे. एक जरी पायरी चुकली तरी थांबायचं.

प्रत्येक तारेला सेलजवळच फ्यूज किंवा फ्यूजसारखा जळणारा रेझिस्टर द्या. तार पत्र्याला घासली तर जळायची ती तिथे जळावी, सेलच्या गठ्ठ्यात नाही. बोर्डावर प्रत्येक तारेला छोटा रेझिस्टर आणि कपॅसिटरचा गाळणा, मूल्यं चिपच्या डेटाशीटप्रमाणे.

बॅलन्सिंगबद्दल. एलएफपीचा व्होल्टेज मधल्या बहुतेक चार्जमध्ये जवळपास सपाट असतो. तिथे कोणता सेल मागे, कोणता पुढे, हे व्होल्टेजवरून कळत नाही. म्हणून ३.४ च्या वर गेल्यावरच बॅलन्स करा. आणि इथे मघाचं वाक्य: रोज वापरातली सौर गाडी काठापर्यंत भरतच नाही, म्हणजे बॅलन्सिंगची वेळच येत नाही. महिन्या-दोन महिन्यांत सेल फाकतात, मालक म्हणतो बॅटरी कमी चालायला लागली. त्यावर आठवड्यातून एकदा रात्री घरच्या चार्जरवर पूर्ण भरणं हाच इलाज. जास्त भरलेल्या सेलला ३.५ व्होल्टला ३३ ओहम लावले तर शंभरेक मिलिअँपिअर वाहतात. दोन अँपिअर-तासांचा फरक मिटायला वीस तास. हा करंट मी चिपबाहेरचे मॉस्फेट लावून घेतो आणि हे रेझिस्टर बोर्डाच्या कडेला, चिपपासून लांब मांडतो.

थर्मिस्टर चार: दोन मधल्या सेलांच्या मधोमध, एक कडेच्या सेलवर, एक मॉस्फेटच्या शेजारी. मधला सेल कडेच्यापेक्षा नेहमी गरम असतो. नुसता कडेला लावून ४३ वाचणारा बोर्ड स्वतःला फसवतो. चार्जिंग ४५ ला बंद, ४० ला परत चालू. डिस्चार्ज ६० ला बंद, ५० ला चालू.

प्रीचार्ज, फ्यूज, झोपेतला खर्च

कंट्रोलरच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात. चावी फिरवल्याबरोबर ते रिकामे कपॅसिटर बॅटरीला शॉर्टसारखे दिसतात आणि बोर्ड भलतीच ट्रिप मारतो. १०० ओहमचा ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर एका छोट्या मॉस्फेटमधून आधी अर्धा सेकंद जोडा, १००० मायक्रोफॅरडला तेवढं पुरतं, मग मुख्य गट.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, डीसीचा, किमान ८० व्होल्टचा. घरच्या बोर्डातला एसीचा एमसीबी लावलेला मी पाहिलाय. डीसीची ठिणगी त्यात विझत नाही.

ब्लूटूथ मॉड्यूल लावायचा मोह सगळ्यांना होतो. वीस मिलिअँपिअर खाणारं मॉड्यूल महिन्यात १४.४ अँपिअर-तास पिऊन टाकतं. गाडी आजारपणात महिना-दोन महिने सावलीत उभी राहिली तर काय होईल ते समजा. त्याला झोपवायची सोय करा.

धूळ, खड्डे, पहिला पाऊस

काळ्या मातीची धूळ सुकी असताना निरुपद्रवी. मृगाच्या पहिल्या पावसाची वाफ लागली की तीच धूळ शेजारच्या दोन पिनांमध्ये करंट वाहू देते आणि सेलचे आकडे मिलिव्होल्टनं हलायला लागतात. बोर्ड तपासून झाल्यावर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल न लागू देणारा पातळ लेप) द्या, कनेक्टरवर आधी टेप लावून. मोठे कपॅसिटर सिलिकॉननं चिकटवा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, ते तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेली ट्यूब मागा. चार कोपऱ्यांना रबरी वॉशर. आणि डबा पॅनेलच्या थेट खाली नको.

टेबलावर चाचणी

पहिल्यांदा खरे सेल जोडूच नका. १०० ओहमचे सोळा रेझिस्टर एकापुढे एक सोल्डर करून शिडी बनवा, करंटची मर्यादा शंभर मिलिअँपिअरला लावलेल्या पॉवर सप्लायवरून ५२ व्होल्ट द्या. प्रत्येक पायरीवर ३.२५ व्होल्ट, म्हणजे खोटे सोळा सेल. आता एका पायरीशी सिरीजमध्ये १५ ओहम वाढवा, तिथे ३.७० दिसतील आणि ओव्हरव्होल्टेज लागलं पाहिजे. ते काढून एका पायरीला समांतर १०० ओहम लावा, १.६८ होईल, अंडरव्होल्टेज लागलं पाहिजे. असं सोळाही पायऱ्यांवर करा. कंटाळवाणं आहे, पण सहावी-सातवीची अदलाबदल इथेच सापडते.

लोडसाठी भंगारातून हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॅटचे बल्ब आणा. चार सिरीजमध्ये म्हणजे ४.६ अँपिअरच्या आसपास. अशा आठ रांगा लाकडी फळीवर बसवल्या की ३७ अँपिअरचा लोड तयार, बत्तीस बल्बांत. पहिल्यांदा मी आठही रांगा एकदम चालू केल्या आणि बोर्ड लगेच ट्रिप झाला. अर्धा दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. चूक नव्हती: थंड तार तापलेल्या तारेच्या दहापट करंट ओढते. एकेक रांग चालू करत गेलो तर सगळं नीट. आता मी तीच गोष्ट मुद्दाम वापरतो. ओव्हरकरंटचा विलंब बरोबर लागतो का, ते थंड बल्बांवर कळतं.

मग मामांची स्थिती. सेलचा थर्मिस्टर काढून त्याजागी व्हेरिएबल रेझिस्टर लावा, फिरवून बोर्डाला ४७ अंश दाखवा. चार्ज गट बंद झाल्याची खात्री करा. आता बल्बांच्या आठही रांगा एकेक करत पेटवा आणि चार्ज मॉस्फेटवर तापमानाचा प्रोब ठेवा. दोन मिनिटांत पन्नास-साठच्या वर चढत गेला तर डायोडमधून करंट जातोय, सेटिंग चुकलंय. हात लावून बघू नका, मी लावलाय.

रस्त्यावर विकायच्या गाडीचा विषय वेगळा. त्यासाठी एआयएस-१५६ हे मानक आहे, त्याची तिसरी दुरुस्ती १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. बॅटरीच्या चाचण्या मान्यताप्राप्त संस्थेतून, जशी पुण्याची एआरएआय, करून घ्याव्या लागतात. घरचा बोर्ड कॉलेजच्या आवारासाठी, शेतातल्या गाडीसाठी, शिकण्यासाठी.

शेवटची चाचणी माझ्या दारात होते. मामांच्या गाडीत नवा बोर्ड बसवून मे महिन्यात सकाळी दहा ते चार उन्हात उभी ठेवली, मधे दोनदा पोती भरून एक फेरी मारली, आणि संध्याकाळी मायक्रोकंट्रोलरमधली नोंद काढली. मधला सेल ४९ अंश. एमपीपीटी पाच वेळा थांबवला, चार्ज गट एकदाही पूर्ण भारात डायोडवर गेला नाही, मॉस्फेट सर्वाधिक ७१ अंश. मामांनी कागद हातात घेतला, उलटा धरून बघितला आणि विचारलं, "म्हंजे उद्या बाजाराला न्यायची का नाय?"